घरातल्या वडीलधाऱ्यांचं पोट आणि लघवी: आधी काय पाहायचं, काय लिहायचं, काय करायचं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत आबांची किंवा मोठ्या मायची लघवी कपड्यांत होऊ लागली की निदान घरीच ठरतं: वय झालं. मग डायपर येतो, पाणी कमी केलं जातं आणि माणूस लग्नकार्याला, पारावर, देवळात जाणं सोडून देतो. वयाने मूत्राशय उतावळं होतं आणि पूर्वीइतकं साठवत नाही, हे खरं. पण कपडे ओले होण्यामागे बहुतेक वेळा शोधून काढता येईल असं कारण असतं. त्यातलं सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे गुदाशयात साचलेला कडक मळ. गुदाशय फुगला की पुढे मूत्राशयावर दाब येतो. मग एक तर सारखी घाई होते, नाही तर लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. म्हणून आधी पोट, मग लघवी आणि शेवटी डायपर-नळी, या क्रमाने जायचं.

पहिलं काम: तीन दिवसांची नोंद

डॉक्टरांकडे जाऊन "लघवी सुटते" एवढंच सांगितलं तर हाती बहुधा लघवीच्या तपासणीची चिठ्ठी आणि एक अँटिबायोटिक येतं. तीन दिवसांचा कागद नेला तर निदान खूप जवळ येतं. सलग तीन दिवस मिळत नसतील तर सुटे तीन चालतील, फक्त ते नेहमीसारखे असावेत. उपासाचा किंवा प्रवासाचा दिवस धरू नका.

लघवी मोजायला पारदर्शक प्लास्टिकचा मग घ्या. औषधाच्या मापाने किंवा बाळाच्या दुधाच्या बाटलीने त्यात १०० मिली पाणी ओतून पेनने खूण करा, आणि असंच ५०० मिलीपर्यंत जा. मग प्रत्येक वेळी कागदावर वेळ, किती मिली झाली, त्याआधी कपडे ओले झाले होते का आणि तेव्हा माणूस काय करत होता (खोकला, उठला, नळाचं पाणी ऐकलं, झोपेत होता) एवढं लिहा. चहा, पाणी, ताक, पातळ वरण, जे काही प्यायलं जाईल तेही लिहा. डायपर असेल तर कोरा डायपर वजनकाट्यावर मोजून ठेवा आणि ओला झाल्यावर पुन्हा मोजा. जितके ग्रॅम वाढले तितके साधारण मिली लघवी झाली.

दिवसभरात सात-आठ वेळा आणि रात्री एखाद वेळ लघवीला जाणं या वयात ठीक. एका वेळी २०० ते ४०० मिली होत असेल तर मूत्राशय नीट साठवतंय. दर तासाला जाऊन जेमतेम ५०-६० मिली होत असेल तर दोन शक्यता असतात. एक तर मूत्राशय उतावळं आहे, नाही तर ते कधीच पूर्ण रिकामं होत नाही. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. उतावळेपणा कमी करणारी गोळी आधीच न रिकामं होणाऱ्या मूत्राशयाला दिली तर लघवी पार अडकू शकते. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी करून आत किती उरली ते पाहिलं पाहिजे. चिठ्ठीवर त्याला 'पीव्हीआर' लिहितात. हा आकडा दोन-तीनशे मिलीच्या पुढे गेला तर मूत्राशय रिकामं होत नाही, असं समजून उपचार ठरतात.

पोट: रोज होते म्हणजे साफ होतं असं नाही

संडासची नोंद याच कागदावर करायची. 'झाली' किंवा 'नाही झाली' पुरत नाही, कशी झाली ते लिहायचं. त्यासाठी ब्रिस्टल तक्ता सोपा आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयातून १९९७ साली तो प्रसिद्ध झाला आणि आता जगभर वापरला जातो. त्यात सात प्रकार आहेत. पहिल्यात शेळीच्या लेंडीसारखे सुटे कडक खडे, दुसऱ्यात खडे चिकटून झालेला गाठीगाठीचा गोळा. तिसऱ्यात वरून भेगा पडलेला लांबट मळ, चौथ्यात मऊ, गुळगुळीत. पाचव्यात कडा सुट्या असलेले मऊ तुकडे, सहाव्यात फिसकटलेला लगदा, सातव्यात नुसतं पाणी. तिसरा आणि चौथा हवा. पहिला-दुसरा रोज होत असला तरी ते बद्धकोष्ठच. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं, कुंथावं लागणं, झाल्यावरही उरल्यासारखं वाटणं, बोटाने काढावं लागणं, हीही बद्धकोष्ठाची लक्षणं.

आता सर्वांत जास्त फसवणारा प्रकार. पाच-सहा दिवस धड संडास नाही, आणि एके दिवशी पातळ पाणी कपड्यांत लागू लागतं, थोडं थोडं, दिवसभर, माणसाला कळतही नाही. घरचे 'जुलाब झाले' म्हणून दुकानातून लोपेरामाइडची गोळी आणतात. प्रत्यक्षात खाली कडक मळाचा गठ्ठा अडकलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपत असतं. डॉक्टरांच्या कागदावर याला 'फीकल इम्पॅक्शन विथ ओव्हरफ्लो' म्हणतात. जुलाब थांबवणाऱ्या गोळीने तो गठ्ठा आणखी पक्का होतो. सोबत भूक मरणं, पोट तट्ट होणं, लघवी अडकणं किंवा अचानक असंबद्ध बोलणं दिसलं तर शंका पक्की समजा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नवे 'जुलाब' लागले तर आधी डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने तपासावं, मग औषध. ही तपासणी दोन मिनिटांची असते आणि संकोचापायी टाळली जाते. घरच्यांनी स्वतःहून मागितली तर होते.

गठ्ठा घरी बोटाने काढायला जाऊ नका. आतली त्वचा फाटून रक्त येतं, हृदयाच्या रुग्णाची नाडी एकदम मंद होऊ शकते आणि मणक्याला मार लागलेल्यांचा रक्तदाब अचानक भडकू शकतो. हे काम दवाखान्यात, वंगण लावून, आधी मळ मऊ करून होतं.

कारण आधी औषधांच्या डब्यात शोधा

सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. पोट घट्ट करणाऱ्या गोळ्या म्हातारपणी नेहमीच्याच असतात: लोहाची, कॅल्शियमची, रक्तदाबासाठी व्हेरापामिल किंवा अम्लोडिपिन, दुखण्यासाठी ट्रामाडॉल, झोप किंवा मुंग्यांसाठी अमिट्रिप्टिलीन, कंपवातासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल. शेवटच्या दोन लघवीही अडवतात. सर्दी-खोकल्याच्या गोळ्या आणि सिरपही अडवू शकतात. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी सर्दीचं औषध घेतल्याच्या रात्री तुंबणं नवीन नाही. उलट फ्युरोसेमाइडसारखी पाण्याची गोळी आणि डायबिटीसच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवी वाढवतात. यातलं काहीही स्वतः बंद करायचं नाही, पण डोस किंवा वेळ बदलता येईल का हे विचारायचं. संध्याकाळची पाण्याची गोळी सकाळी किंवा दुपारी लवकर हलवली, एवढ्यानेच रात्रीच्या दोन फेऱ्या वाचू शकतात.

रक्ताच्या तपासणीत थायरॉइड, साखर, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन पाहिलेलं असावं. थायरॉइड कमी असेल किंवा कॅल्शियम जास्त असेल तर कितीही इसबगोल देऊन पोट हलत नाही.

पाणी आणि ताट

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत कपडे ओले होतील या धास्तीने पाणी कमी पिणं दुहेरी घातक. शरीर मळातलं पाणी शोषून घेतं, तो दगड होतो. लघवी गडद आणि तीव्र होते, मूत्राशयाला टोचते, घाई आणखी वाढते, शिवाय खडे आणि जंतुसंसर्ग. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव हवा, उन्हाळ्यात त्याहून थोडा जास्त. हृदय किंवा किडनीच्या आजारात मात्र डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादाच पाळायची. लघवी फिकट पिवळी दिसली की पाणी पुरतंय. तांब्याभर पाणी एकदम पाजू नका, दर दीड-दोन तासांनी अर्धा ग्लास द्या. बहुतेक पाणी संध्याकाळी पाचच्या आत पोटात जाईल असं पाहा आणि झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत कमी करा. चहा दोन कपांवर थांबवा. घाईची तक्रार असेल तर चहा कमी केल्याचा फरक आठवड्यात कळतो.

खान्देशातलं जुनं ताट पोटासाठी चांगलंच होतं. अडचण दात गेल्यावर सुरू होते. कळण्याची, ज्वारीची, बाजरीची भाकरी चावत नाही म्हणून सुटते, आणि तिच्या जागी चहा-बिस्किट, मऊ भात, साबुदाणा येतो. कोंडा, चोथा सगळा ताटातून जातो. उपाय भाकरीकडे परतण्यातच आहे. ताजी भाकरी बारीक कुस्करून गरम वरणात, पालेभाजीच्या रश्शात किंवा ताकात दहा मिनिटं भिजू द्यायची. वांग्याचं भरीत तेल-मिरची बेताची ठेवून, गिलक्याची किंवा चवळीच्या पाल्याची भाजी मऊ शिजवून द्यायची. पपई, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका किंवा अंजीर, आणि आपल्याकडे घरोघरी असलेलं केळ. केळं पूर्ण पिकलेलं, सालीवर ठिपके आलेलं असावं. अर्धकच्चं पोट आणखी बांधतं. चोथा मात्र दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा, एकदम वाढवलात तर पोट फुगून माणूस जेवणच सोडेल. आणि जो माणूस पूर्ण अंथरुणात आहे, पाणीही कमी पितो, त्याला चोथा वाढवू नका. आतडी ढकलत नसतील तर जास्तीचा चोथा तिथेच साचतो.

बसण्याची वेळ आणि पद्धत

जेवण पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं, आणि सकाळच्या खाण्यानंतर सर्वांत जोरात. याचा फायदा घ्यायचा:

१. उठल्यावर कोमट पाणी किंवा चहा, मग थोडं तरी खाणं.
२. खाल्ल्यावर २० ते ३० मिनिटांनी संडासला बसवायचं, भावना असो वा नसो. रोज तीच वेळ.
३. कमोडवर बसल्यावर पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा पाट किंवा पक्कं स्टूल. गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरे मांड्यांवर, पाठ सरळ ठेवून पुढे झुकलेलं. यामुळे गुदाशयाचा बाक सरळ होतो.
४. श्वास रोखून कुंथायचं नाही. तोंडाने सावकाश श्वास सोडत पोट पुढे ढकलायचं.
५. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं. पुढची संधी दुपारच्या जेवणानंतर.

उकिडवं बसण्याचा संडास या कामाला उत्तम, पण गुडघे साथ देत नसतील तर त्यावर ठेवायचं भोक असलेलं स्टूल मिळतं. त्याचे पाय रबरी बुडाचे हवेत आणि बाजूच्या भिंतीत पकडायला पक्का दांडा हवा. झोपूनच असलेल्या माणसाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाकडे घेऊन ठेवा. पोटावर तळहाताने मालीश करता येते. उजवीकडे खालून वर, बरगड्यांखालून आडवं डावीकडे आणि तिथून खाली, असं ५ ते १० मिनिटं, हलक्या दाबाने. हर्निया, नुकतंच ऑपरेशन किंवा पोट ताठ झालेलं असेल तर मालीश नको.

रेचकं: कोणतं, किती, कधी नाही

इसबगोल भुसा एक ते दोन चहाचे चमचे, पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच पाजायचा, वर अजून अर्धा ग्लास पाणी. कमी पाण्यात दिला तर तो घशात किंवा आतड्यात फुगून अडकतो. लकवा झालेल्या, गिळताना ठसका लागणाऱ्या, किंवा आधीच गठ्ठा अडकलेल्या माणसाला इसबगोल देऊ नये. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

म्हाताऱ्या माणसासाठी आमची पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीला. १७ ग्रॅम एका ग्लास पाण्यात, दिवसातून एकदा. ती मळात पाणी धरून ठेवते, पोट मुरडत नाही आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बरेच महिने घेता येते. लॅक्ट्युलोज १५ ते ३० मिली चालतं, पण त्याने गॅस होतो आणि परिणाम दिसायला एक ते दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी 'काही झालं नाही' म्हणून डोस दुप्पट केला की तिसऱ्या दिवशी खरे जुलाब होतात. बिसाकोडिल ५ मिलिग्रॅम रात्री घेतली की ६ ते १२ तासांत काम करते. ती दुधाबरोबर किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळीबरोबर देऊ नये, तिचं आवरण पोटातच विरघळून कळ येते.

बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. आठवड्यातून एखाद वेळ ठीक. रोज मोठा चमचा घेतला तर पोटॅशियम कमी होऊ शकतं, आणि फ्युरोसेमाइड घेणाऱ्या हृदयरोग्याला ते धोक्याचं. एरंडेलाने पोट जोरात मुरडतं आणि पाणी जातं, अशक्त माणसाला ते नको. लिक्विड पॅराफिन झोपलेल्या माणसाला तर कधीच पाजू नये, ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाचा न्यूमोनिया होतो.

ग्लिसरीनची बत्ती लावायची असेल तर पाण्याने ओली करून बोटाने गुदद्वाराच्या आत दोन-तीन सेंटिमीटर, मळात न खुपसता आतड्याच्या भिंतीला टेकवून ठेवा आणि डाव्या कुशीवर १५-२० मिनिटं थांबा. दुकानात सहज मिळणारा फॉस्फेटचा एनिमा किडनी किंवा हृदयाचा आजार असलेल्या वृद्धाला डॉक्टरांना न विचारता देऊ नका, त्याने क्षारांचं प्रमाण जीवघेणं बिघडू शकतं.

पोट दोन आठवडे नीट साफ होत राहिलं की लघवीची तीन दिवसांची नोंद पुन्हा करा. बऱ्याच घरांत तेवढ्यावर अर्धी तक्रार कमी झालेली दिसते.

लघवी: कोणत्या प्रकारची गळती?

खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना थोडी सुटते ती 'स्ट्रेस' गळती. हा मनाचा ताण नव्हे, पोटातला दाब. बाळंतपणांनी कटितळाचे (मूत्राशय-गुदाशयाला खालून आधार देणारे) स्नायू सैल पडलेल्या बायकांत आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांत ती दिसते. आजीचं अंग बाहेर येत असेल तर ते लपवलं जातं. स्त्रीरोगतज्ज्ञ रिंग पेसरी (योनीत बसवायचं आधाराचं कडं) बसवून बिनऑपरेशनही आराम देऊ शकतात. घाई लागते आणि पोहोचेपर्यंत सुटते ती 'अर्ज' (इंग्रजी urge, म्हणजे घाई) गळती. सारखे थेंब, धार बारीक, सुरू व्हायला वेळ, ही 'ओव्हरफ्लो', प्रोस्टेट किंवा जुन्या डायबिटीसमुळे. आणि मूत्राशय ठीक, पण माणूस वेळेत पोहोचत नाही, ती 'फंक्शनल'. एकाच माणसात दोन प्रकार असू शकतात.

या शेवटच्या प्रकारासाठी औषध नाही, सुतार आणि शिंपी लागतात. गावाकडच्या घरात संडास अंगण ओलांडून मागे असतो. रात्री पलंगाशेजारी कमोड खुर्ची, जमिनीलगत मंद दिवा, वाटेतली पायपुसणी काढलेली. पायजम्याच्या नाडीऐवजी इलॅस्टिक, नऊवारीऐवजी रात्री सुती गाऊन. घाईत धावताना पडून खुबा मोडणं हे गळतीहून कितीतरी मोठं संकट आहे.

स्ट्रेस गळतीसाठी कटितळाचा व्यायाम: वारा अडवताना आत ओढतो ते स्नायू आवळायचे, पोट, मांड्या, नितंब सैल ठेवून. ५ सेकंद आवळणं, ५ सेकंद सोडणं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू १० सेकंदांपर्यंत जायचं. लघवीची धार मध्येच तोडून सराव करू नये. फरक पडायला तीन महिने लागतात, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. खोकला येणार असं वाटलं की आधी आवळायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून कामी येते.

घाईच्या गळतीसाठी वेळ वाढवायची. नोंदीत दर तासाला जाणं दिसत असेल तर पहिला आठवडा सव्वा तासाने, पुढचा दीड तासाने, असं १५-१५ मिनिटांनी अडीच-तीन तासांपर्यंत. मध्येच घाई आली तर उभं राहून पळायचं नाही. बसून पाच-सहा वेळा पटपट आवळायचं, लाट ओसरू द्यायची आणि मग चालत जायचं.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला हे जमणार नाही. त्याला दर दोन तासांनी आपण आठवण द्यायची. "माय, चहा झाला, एकदा जाऊन ये," एवढंच. चारचौघांत "परत ओलं केलं का?" असं विचारलं की पुढच्या वेळी ओला कपडा गादीखाली सापडतो. शक्यतो वडिलांची स्वच्छता मुलाने किंवा नातवाने करावी. सुनेच्या हातून सासऱ्यांना आणि सासऱ्यांमुळे सुनेला होणारा संकोच इतका असतो की आबा लघवी अडवून धरतात.

रात्री वारंवार उठावं लागत असेल तर पाय पाहा. दिवसभर पायांवर उतरलेली सूज आडवं झाल्यावर रक्तात परतते आणि लघवी होऊन बाहेर पडते. दुपारी तासभर पाय उशीवर उंच करून झोपलं तर ते पाणी दिवसाच निघून जातं. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसेल तर लघवी करून झाल्यावर अर्धा मिनिट थांबून, थोडं पुढे झुकून पुन्हा प्रयत्न करायचा.

डायपर आणि त्वचा

डायपर कंबर आणि नितंबांचा घेर टेपने मोजून, पाकिटावरच्या सेंटिमीटरशी जुळवून घ्या. मोठा घेतला म्हणजे जास्त धरतो असं नाही, मांडीच्या फटीतून गळतो. चालत्या माणसाला पँटसारखा, झोपलेल्याला चिकटपट्टीचा. थोडीच गळती असेल तर नुसतं पॅड पुरतं आणि स्वस्त पडतं. साधारण तीन-चार तासांनी बदला, संडास झाली तर तत्काळ. घरचा मऊ सुती कपडा आणि खाली रबरी चादरही चालते, पण ओला होताच बदलला पाहिजे.

साफ करताना पुढून मागे पुसायचं, साधं पाणी किंवा सौम्य साबण, घासायचं नाही, टिपायचं. मग व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साइडचा पातळ थर. जाड थराने डायपर लघवी शोषत नाही. टाल्कम पावडर ओलाव्यात गुठळ्या होऊन घासते, ती नको.

लालसरपणा घड्यांत, पसरलेला असेल तर तो ओलाव्याने. माकडहाड, टाच, खुबा अशा हाडावर एकाच जागी असेल तर दाबाने, म्हणजे बेडसोरची सुरुवात. बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. जागा पांढरी होऊन परत लाल झाली तर रक्त वाहतंय, न बदलता तशीच राहिली तर त्या जागेवरचा भार लगेच काढा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून जागा गरम, कडक किंवा गडद लागते का ते हाताने पाहा. दर दोन तासांनी कूस बदला. हवेची गादी असली तरी कूस बदलणं चुकत नाही.

नळी

नळी म्हणजे फोलीज कॅथेटर. ती सोयीसाठी घालायची नसते. लघवी अडकली आहे, बेडसोर चिघळतोय, अशी कारणं असली तरच. घालताना कागदावर तारीख, नळीचा प्रकार आणि 'कधी काढायची' हे लिहून घ्या. साधी लॅटेक्स नळी दोन ते चार आठवड्यांत बदलतात, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. दोनतृतीयांश भरली की रिकामी करा, आधी आणि नंतर हात धुवा. नळी मांडीला पट्टीने बांधा. आत फुगा असतो, ओढली तर मूत्रमार्ग फाटतो.

नळीच्या कडेने लघवी गळू लागली तर आधी नळी दुमडली आहे का पहा, मग पोट कधी साफ झालं ते पहा. दोन्ही ठीक असेल तर डॉक्टर. जाड नळी घालणं हा पहिला उपाय नाही. नळी असलेल्यांच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप, थंडी, पोटदुखी किंवा अचानक गोंधळलेपणा नसेल तर नुसत्या गढूळपणासाठी अँटिबायोटिक लागत नाही.

पुरुषांसाठी बाहेरून लावायची कंडोम नळी हा सौम्य पर्याय आहे. रोज बदला, घट्ट बांधू नका. मूत्राशय रिकामं होत नसलेल्या पण हात चालणाऱ्या माणसाला दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ नळी घालून काढण्याची पद्धत, म्हणजे 'सीआयसी', कायमच्या नळीपेक्षा चांगली.

डॉक्टरांच्या कागदावरचे इतर शब्द

'एडीएल' म्हणजे अंघोळ, जेवण, कपडे, शौच अशी रोजची कामं. ती किती स्वतः होतात ते बार्थेल गुणांकात मोजतात: दहा बाबी, एकूण १०० गुण, त्यातल्या दोन थेट संडास आणि लघवीच्या ताब्याच्या. 'डिलिरियम' म्हणजे तासा-दिवसांत अचानक आलेला गोंधळ. तो बहुधा संसर्ग, औषध, पाणी कमी पडणं किंवा अडकलेल्या मळा-लघवीमुळे असतो आणि बरा होऊ शकतो. 'डिमेन्शिया' महिनोन्‌महिने हळूहळू येतो. 'रेस्पाइट' म्हणजे सांभाळणाऱ्याला काही दिवस विसावा मिळावा म्हणून तात्पुरती सोय. 'पॅलिएटिव्ह' म्हणजे त्रास कमी करणारी देखभाल, उपचार सोडणं नव्हे. घरी येणारी व्यक्ती प्रशिक्षित नर्स आहे की अटेंडंट हे आधी विचारा. कॅथेटर घालणं, एनिमा देणं अटेंडंटचं काम नाही.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत आहे अशांना ३,००० रुपये एकदा मिळतात, आणि त्यातून घेता येणाऱ्या साहित्यात कमोड खुर्ची आणि वॉकर आहेत. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. ७० वर्षांपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ते भरती झाल्यावरच्या उपचारांना लागू होतं, डायपरला नाही. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा एल्डरलाइनचा क्रमांक आहे.

या वेळी घरी थांबायचं नाही

ओटीपोट फुगून दुखतंय आणि सहा-आठ तास लघवीचा थेंब नाही. पोट ताठ, उलट्या, आणि ना संडास ना वारा. संडासमधून रक्त, किंवा डांबरासारखा काळा चिकट मळ (लोहाच्या गोळीनेही मळ काळपट होतो, पण तो चिकट आणि दुर्गंधी नसतो). लघवीत रक्त. पाठ दुखून पायांतली ताकद जातेय, बसण्याच्या जागी बधिरपणा आहे आणि अचानक लघवी-संडासवरचा ताबा सुटला. थंडी वाजून ताप आणि असंबद्ध बोलणं. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठा, मध्यरात्र असली तरी. वजन घटत जाणं आणि पन्नाशीनंतर पोटाची सवय बदलणं यांना तेवढी घाई नाही, पण आठवडाभरात दाखवा. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) लागते का ते डॉक्टर ठरवतील. जाताना तीन दिवसांचा कागद आणि गोळ्यांची पिशवी सोबत न्या.